गेम गियर: आवाज बसलाय, पडदा अंधुक, दिवा लागून विझतो. कॅपॅसिटरपर्यंत कसं पोहोचायचं?

सेगाचा गेम गियर हे हातात धरून खेळायचं गेमयंत्र १९९० मध्ये जपानमध्ये आलं. आज ते कपाटातून काढून सेल घातले की बहुतेक वेळा तीनपैकी एक तरी तक्रार निघते: आवाज नाही, चित्र नीट दिसत नाही, किंवा चालूच होत नाही. मूळ कारण बहुतेकदा आतले इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर, म्हणजे वीज साठवून गरजेला पुरवणाऱ्या, आत द्रव असलेल्या छोट्या डब्या, असतात. तरीही थेट सोल्डरिंग आयर्न तापवायला घेऊ नका. घाणेरडा स्विच किंवा उलटा अडॅप्टर अगदी हीच लक्षणं दाखवतो, आणि त्यासाठी बोर्डाला हात लावायची गरज नसते.

लक्षणं

कॅपॅसिटरकडे बोट दाखवणारी:

- स्विच सरकवला की लाल दिवा क्षणभर लागतो आणि विझतो. सात-आठ वेळा खटपट केली की एकदा चालू होतो, आणि एकदा तापला की बरा चालतो.
- स्पीकर मुका, पण हेडफोन लावून आवाज पूर्ण वाढवला तर पिपाणीसारखं बारीक काहीतरी ऐकू येतं. खालचे, जाड सूर सगळ्यात आधी जातात.
- चित्र धुवून काढल्यासारखं फिकट. यंत्र तिरकं धरलं तरच दिसतं, आणि कॉन्ट्रास्टची चकती फिरवून फरक पडत नाही.
- उघडल्यावर, विशेषतः आयर्नचा चटका लागल्यावर, सुकटीसारखा वास.

कॅपॅसिटरशी बहुधा संबंध नसलेली:

- पडद्यावर कायमची उभी किंवा आडवी रेघ. हा एलसीडी पडद्याला बोर्डाशी जोडणाऱ्या चपट्या पट्टीचा (रिबनचा) किंवा काचेवरच्या जोडाचा दोष आहे. सगळे कॅपॅसिटर बदलले तरी रेघ तिथेच राहील.
- एकाच कार्ट्रिजवर (गेमच्या डबीवर) चित्राचा चुराडा, बाकीची ठीक. दोष कार्ट्रिजचा.
- पडदा काळा, पण गेमचा आवाज येतोय. अंधाऱ्या खोलीत पडद्यावर तिरका टॉर्च मारा. पुसटसं चित्र हलताना दिसलं तर एलसीडी जिवंत आहे, मागची प्रकाशनळी किंवा तिला वीज देणारा भाग गेलाय. त्याबद्दल शेवटी.

न उघडता करायच्या तपासण्या

सेलपासून सुरू करा. डबल-ए आकाराचे सहा, म्हणजे अल्कलाइन असतील तर ९ व्होल्ट, रिचार्जेबल असतील तर ७.२ व्होल्ट. यंत्र दोन्हींवर चालायला हवं. मात्र सहातला एक जरी मेलेला असला तरी दिवा लागून विझण्याचं लक्षण हुबेहूब उमटतं, कारण हे यंत्र भुकेलं आहे: ताजे सहा सेल तीन ते पाच तासांत संपवतं. म्हणून सेल सुटे मोजून चालत नाही. यंत्र चालू करण्याचा प्रयत्न करत असताना प्रत्येक सेलच्या टोकांवर मल्टिमीटर लावा. भार पडताच एखादा सेल १ व्होल्टच्या खाली बसला तर शोध संपला.

स्प्रिंगांवर पांढरा-हिरवा थर असेल तर कापसाच्या काडीवर व्हिनेगरचा थेंब घेऊन पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने. अल्कलाइन सेलची गळती क्षारधर्मी असते, म्हणून आम्ल लागतं. नुसत्या अल्कोहोलने ती जात नाही.

अडॅप्टर वापरत असाल तर ध्रुव तपासा. गेम गियरला मधली पिन धन लागते, साधारण ९ व्होल्ट आणि ८५० मिलीअँपिअर. सेगाच्याच पहिल्या मेगा ड्राइव्ह या घरगुती गेमयंत्राच्या अडॅप्टरची मधली पिन ऋण असते. टोकं बदलता येणारे सार्वत्रिक अडॅप्टर इथेच घात करतात: टोक बसतं, ध्रुव उलटा, आणि पॉवर बोर्डावरचा फ्यूज जातो. फ्यूज गेला तर नशीब म्हणायचं. कधी कधी तो शाबूत राहतो आणि दुसरंच काही जळतं.

मग स्विच. तीस वर्षं न हललेल्या सरकत्या स्विचच्या पत्र्यावर काळा थर बसतो. सेल काढून तो वीस-पंचवीस वेळा मागेपुढे करा. फटीतून काँटॅक्ट क्लीनरचा एक फवारा सोडा आणि पुन्हा हलवा. हेडफोनच्या जॅकलाही तोच उपचार, कारण त्याच्या आत स्पीकर तोडणारी एक यांत्रिक पट्टी असते. हेडफोन काढल्यावर ती परत टेकली नाही तर स्पीकर मुका राहतो आणि दोष बिचाऱ्या कॅपॅसिटरवर येतो. हेडफोनमध्ये आवाज दणदणीत आणि स्पीकरमध्ये शून्य असेल तर आधी हीच पट्टी. दोन्हीकडे सारखाच मरतुकडा असेल तर पुढे चला.

कार्ट्रिजच्या सोनेरी पट्ट्या ९९ टक्के अल्कोहोलने पुसा. फुंकर मारू नका. तोंडातली वाफच पुढे गंज आणते.

उघडून, पण सोल्डर न करता

सेल आणि अडॅप्टर काढा. स्क्रू बहुतेक साध्या फुली-खाचेचे असतात, पण एखादा सहा पाकळ्यांचा ४.५ मिमीचा निघू शकतो. त्यासाठी त्या मापाचाच बिट घ्या. पेनचं टोपण वितळवून बसवण्याचा जुगाड स्क्रू तरी खराब करतो, नाही तर खाचेत प्लॅस्टिक ठेवून जातो. कवचाचे दोन भाग तारांनी जोडलेले असतात, त्यामुळे पुस्तकासारखं हळू उघडा, हिसका देऊ नका.

आतमध्ये मुख्य बोर्ड, पॉवर बोर्ड आणि आवाजाचा बोर्ड दिसतील. काहीही हलवण्याआधी प्रत्येकाचे जवळून स्वच्छ फोटो काढा. कॅपॅसिटरची काळी बाजू कुठे होती ते फोटोत दिसलं पाहिजे, नाही तर काढल्यानंतर पंचाईत होते.

आता नुसतं बघा, भिंग असेल तर भिंगाने. निरोगी सोल्डर चकचकीत असतं. गळक्या कॅपॅसिटरच्या पायाशी ते राखाडी, मेणचट होतं. भोवती बोर्डाचा हिरवा रंग गडद ओलसर दिसतो, ट्रॅकला (बोर्डावरच्या तांब्याच्या रेषांना) जोडणारी बारीक भोकं काळपट-हिरवी पडलेली असतात. माथा फुगलेला दिसायलाच हवा असं नाही. या पिढीतले कॅपॅसिटर फुगत नाहीत, बुडातून पाझरतात. फुगण्याची खोड त्यानंतरच्या, २००० च्या आसपासच्या संगणकी बोर्डांची.

पाझरण्याचं कारण रासायनिक आहे. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी कमी रोधाच्या कॅपॅसिटरसाठी चतुर्थक अमोनियम क्षार असलेलं इलेक्ट्रोलाइट (आतला द्रव) वापरात आलं. ऋण पायाशी ते क्षारधर्मी होतं आणि रबरी बुचाची पकड सोडवतं. यंत्र वापरलं काय, ठेवून दिलं काय, गळती होतेच. म्हणून ‘अगदी नव्यासारखा, डब्यातला’ गेम गियरही याच वाटेने जातो.

एक मोजमाप इथेच करून घ्या. बोर्ड जोडलेलेच ठेवून पॉवर बोर्डाकडून मुख्य बोर्डाला जाणाऱ्या ५ व्होल्टच्या तारेवर व्होल्टेज बघा. ४.९ ते ५.१ असेल तर पॉवर बोर्ड निदान सरासरीने तरी बरा आहे. नुसती सरासरी, कारण साधा मल्टिमीटर व्होल्टेजमधले क्षणिक चढउतार दाखवत नाही. ५ दिसतंय आणि तरीही यंत्र चालू होऊन बंद पडतंय, असं वारंवार होतं. कॅपॅसिटरचा अंतर्गत रोध वाढला की तो माठासारखा वागतो: पाणी भरलेलं आहे, पण तोटीत कचरा. प्रोसेसरने अचानक घोटभर मागितलं की मिळत नाही, व्होल्टेज क्षणभर कोसळतं आणि सगळं पुन्हा शून्यापासून. गरम झाल्यावर इलेक्ट्रोलाइटचा रोध थोडा उतरतो, म्हणून तापलेलं यंत्र बरं चालतं.

याच कारणाने मल्टिमीटरची मायक्रोफॅरड मोजायची सोय फारशी कामाची नाही. बोर्डावर असताना शेजारचे घटक मोजणी बिघडवतात, आणि काढल्यावरही माठ भरलेला दिसतो, तोटी दिसत नाही. हा अंतर्गत रोध मोजणारा ईएसआर मीटर असेल तर उत्तम. नसेल तर फार हळहळू नका. गेम गियरमध्ये एक कॅपॅसिटर गळला असेल तर बाकीचे रांगेत उभेच असतात. सुटा एखादा शोधत बसण्यापेक्षा त्या बोर्डावरचे सगळे इलेक्ट्रोलिटिक बदलणं शहाणपणाचं.

काय विकत घ्यायचं

बोर्डांच्या आवृत्त्या अनेक आहेत आणि कॅपॅसिटरची संख्या, जागा, मूल्यं बदलतात. ‘गेम गियर’ असं लिहिलेली यादी डोळे मिटून वापरू नका. बोर्डावर छापलेली व्हीए-० किंवा व्हीए-१ सारखी खूण पाहून त्याच आवृत्तीची यादी घ्या, आणि ती तुमच्या फोटोंशी ताडून पाहा.

कॅपॅसिटरच्या डबीवरचा आकडा मायक्रोफॅरड, म्हणजे क्षमता, सांगतो. व्होल्टेज कधी सरळ, कधी इंग्रजी अक्षरात: जी म्हणजे ४, जे म्हणजे ६.३, ए १०, सी १६, ई २५, व्ही ३५, एच ५०. बदली कॅपॅसिटरचं मूल्य तेच ठेवा. व्होल्टेज तेवढंच किंवा जास्त चालतं, कमी कधीच नाही. एलसीडीला लागणारं व्होल्टेज तिसाच्या वर जातं, तिथे चुकून १६ व्होल्टचा बसवला तर पहिल्याच चालूला फट् होईल.

प्रकार कोणता, यावर वाद घालणारे पुष्कळ. माझं मत साधं आहे: १०५ अंश सेल्सिअसचे चांगल्या कंपनीचे इलेक्ट्रोलिटिक घ्या आणि मोकळे व्हा. सिरॅमिक गळत नाही, पण त्यावर व्होल्टेज पडलं की क्षमता घटते. ६.३ व्होल्टचा १० मायक्रोफॅरड ५ व्होल्टवर निम्म्याच्या आसपास उतरू शकतो. शिवाय आवाजाच्या मार्गात तो कंपनं पकडून खरखर आणतो. टँटलम छोटा आणि टिकाऊ, पण व्होल्टेज किमान दुप्पट घ्यावं लागतं आणि त्याच्यावरची पट्टी धन बाजूला असते. इलेक्ट्रोलिटिकच्या डबीवरची पट्टी ऋण बाजूला. दोन्ही एकाच बोर्डावर मिसळले की इथेच गफलत होते, आणि उलटा लागलेला टँटलम ठिणगीसकट जळतो.

उंची मोजायला विसरू नका. जाड डबी बसते, पण कवच मिटत नाही. पायांचे कॅपॅसिटर आडवे निजवून लावता येतात.

प्रत्यक्ष बदल

क्रम असा ठेवा: पॉवर, मग आवाज, मग मुख्य बोर्ड. पॉवर बोर्डावरचे कॅपॅसिटर भोकांतून बसवलेले असतात, त्यामुळे हात बसायला सोपे. आणि वीज खडबडीत असेपर्यंत पुढच्या कुठल्याही तपासणीवर भरवसा ठेवता येत नाही. प्रत्येक बोर्ड झाल्यावर जोडून चालू करून बघा. तिन्ही एकदम उरकून मग बिघाड निघाला तर शोधायचा कुठे?

पृष्ठभागावर चिकटवलेली डबी काढताना घाई नडते. आयर्न ३२० ते ३५० अंश, शिसं असलेलं ६३/३७ सोल्डर, भरपूर फ्लक्स (सोल्डर नीट वाहावं म्हणून लावायचा लेप). आधी दोन्ही पायांवर नवं सोल्डर चढवा. विचित्र वाटतं, पण जुनं ऑक्साइड झालेलं सोल्डर वितळतच नाही, नवं त्यात मिसळलं की सुटतं. मग आलटून पालटून दोन्ही पाय तापवा. डबी चिमट्यात सैल धरलेली असावी. सोल्डर दोन्हीकडे पातळ झालं की ती पाण्यावरच्या पानासारखी तरंगते, तेव्हाच उचला. जोर लावावा लागतोय म्हणजे अजून वेळ आहे.

डबी खाली दाबून पिळून तोडण्याची पद्धत वापरणारे बरेच आहेत. स्वच्छ बोर्डावर ती जमतेही. गळलेल्या बोर्डावर मात्र इलेक्ट्रोलाइटने पॅडची (पाय टेकतो त्या तांब्याच्या चकतीची) खालची पकड आधीच खाल्लेली असते, आणि पिळताना डबीबरोबर पॅडही येतो. त्यापेक्षा कटरने डबीचा वरचा भाग थोडा थोडा कापून काढा, प्लॅस्टिकचं बूड सोडवा, आणि उरलेले दोन पाय एकेक करून उतरवा. हॉट एअर, म्हणजे गरम हवेचा झोत, नको. बंद डबी तापून उडते, आणि जवळची एलसीडीची रिबन उष्णता सोसत नाही.

डबी निघाली म्हणजे अर्धं काम झालं. खाली सांडलेलं तसंच ठेवून नवा बसवला तर तो सहा महिने नाचेल आणि मग खालचा ट्रॅक तुटेल. विकने (सोल्डर शोषणाऱ्या तांब्याच्या विणलेल्या पट्टीने) जुनं सोल्डर टिपून घ्या. ऊर्ध्वपातित पाण्याने ओला केलेला ब्रश फिरवा, मग अल्कोहोल. कापसाची काडी आधी तपकिरी निघते, मग पिवळी. पांढरी निघेपर्यंत पुसत राहा. आवाजाच्या बोर्डावर अँप्लिफायर चिपच्या पायांच्या मधूनही ब्रश फिरवा. सगळे कॅपॅसिटर बदलूनही आवाज आला नाही, तर द्रव बहुतेक तिथेच लपलेला असतो. बोर्ड दोन-तीन तास वाळू द्या.

आता मल्टिमीटर कंटिन्युइटीवर, म्हणजे जोड सलग असेल तर बीप करणाऱ्या सोयीवर. प्रत्येक पॅडपासून तो ट्रॅक ज्या पुढच्या घटकाला जातो तिथपर्यंत तपासा. बीप नाही म्हणजे मधलं बारीक भोक खाल्लं गेलंय. त्याला ३० गेजच्या इनॅमल तारेचा पूल द्या: टोकाचं इनॅमल खरवडून, सोल्डर चढवून, पॅडपासून पुढच्या घटकाच्या पायापर्यंत.

नवा बसवताना ध्रुव फोटोवरून आणि बोर्डावरच्या अधिक चिन्हावरून ठरवा. ‘ऋण पाय ग्राउंडला जातो’ हा नियम म्हणून वापरू नका. आवाजाच्या मार्गातल्या कॅपॅसिटरचा एकही पाय ग्राउंडला नसतो.

चालू करण्याआधी ५ व्होल्ट आणि ग्राउंडमध्ये कंटिन्युइटी लावा. क्षणभर बीप होऊन थांबलं तर कॅपॅसिटर भरत होते, ठीक. बीप थांबतच नसेल तर शॉर्ट आहे, सेल घालू नका. प्रवाहाची मर्यादा लावता येणारा पॉवर सप्लाय असेल तर ९ व्होल्ट आणि ७०० मिलीअँपिअरवर पहिली चाचणी घ्या. सेल मर्यादा ओळखत नाहीत, शॉर्ट असेल तर ओततच राहतात.

चित्र अजून फिकट वाटलं तर आधी कॉन्ट्रास्टची चकती शेवटापासून शेवटापर्यंत फिरवा. दुरुस्तीनंतर तिची योग्य जागा बदललेली असते.

कुठे थांबायचं

दुसरा पॅड उखडला की आयर्न खाली ठेवा. पहिला तारेने सांधता येतो. दुसरा उखडतोय म्हणजे तापमान, हात किंवा बोर्ड यांपैकी काहीतरी जमत नाहीये. मोबाइलचे बोर्ड सूक्ष्मदर्शकाखाली दुरुस्त करणारा कारागीर हे काम सहज करतो.

सगळे बदलून, साफ करूनही ५ व्होल्टची रेषा ५.५ च्या वर जात असेल तर लगेच बंद करा. नियंत्रणाचा भाग बिघडलाय, आणि प्रत्येक चाचणी प्रोसेसरच्या जिवावर आहे.

एलसीडीच्या रिबनला हात लावू नका. आणि पडद्यामागची मूळ नळी ही छोटी फ्लुरोसंट नळी आहे: तिला शेकडो व्होल्ट देणारा ट्रान्सफॉर्मर मुख्य बोर्डावर असतो, नळीत पारा असतो. उघडं यंत्र चालू असताना त्या बाजूला बोट नेऊ नका. नळी गेली असेल तर हे काम आधी केलेल्या माणसाकडे द्या.

हीच गळती पीसी इंजिन ड्युओ या जुन्या गेमयंत्रातही सापडते आणि तिथेही हाच क्रम चालतो. मात्र सॅटर्न, पहिला प्लेस्टेशन, ड्रीमकास्ट या टीव्हीला जोडायच्या गेमयंत्रांच्या पोटातच घरगुती विजेवर चालणारा पॉवर सप्लाय असतो. त्यातला मोठा कॅपॅसिटर प्लग काढल्यानंतरही जीवघेणा भरलेला असू शकतो. त्या डब्याला हात न लावता तो प्रशिक्षित माणसाकडेच द्यायचा. जुन्या आर्केड मॉनिटरच्या काचेच्या नळीलाही हेच लागू.

कारागिराकडे देताना यंत्राबरोबर तीन गोष्टी द्या: काढण्याआधीचे फोटो, काय काय बदललं त्याची मूल्यांसकट यादी, आणि काढलेले जुने कॅपॅसिटर एका पिशवीत. यादीत चूक असली तरी जुन्या डबीवरच्या आकड्यांवरून त्याला ती सापडते.